तीन वह्यांत वाटलेला माणूस

फुटबॉलच्या नोंदी ठेवणारी माणसं मोठी चिकाटीची असतात. स्पेनच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये कोणत्या हंगामात सर्वाधिक गोल कोणी केले याची यादी काढली, तर १९३४, १९३५ आणि १९३६ या तीन वर्षांपुढे एकच नाव सापडतं : इसिद्रो लांगारा. अर्जेंटिनाच्या यादीत १९४० पुढे तेच नाव आहे. मेक्सिकोच्या यादीत १९४४ आणि १९४६ पुढे पुन्हा तेच. देश तीन, खंड तीन, सेंटर फॉरवर्ड एक. तिन्ही देशांत त्याच्या लीग गोलांनी शंभरी ओलांडली. एकत्र बेरीज केली तर आकडा तीनशेच्या वर जातो.

या नोंदींत १९३६ च्या उन्हाळ्यापासून जवळपास तीन वर्षांची पोकळी आहे. लांगारा तेव्हा चोवीस ते सत्तावीस या वयात होता, म्हणजे गोल करणाऱ्याचे पाय सर्वांत जास्त चालतात त्या वयात. तो जायबंदी नव्हता, घरी बसला नव्हता. पॅरिस, प्राग, मॉस्को, तिबिलिसी, ओस्लो, हवाना, मेक्सिको सिटी एवढ्या ठिकाणी तो या काळात खेळला आणि सगळीकडे गोल करत राहिला. पण ज्या संघाचा सदरा त्याच्या अंगावर होता, त्या संघाचा देश जगाच्या दप्तरी देश नव्हता. म्हणून ते गोल कुठल्याच मोठ्या वहीत चढले नाहीत.

ही पोकळी कशी पडली, आणि ती पडूनही हा माणूस बाकीच्या वह्यांत इतका ठळक कसा उरला, हे पाहण्यासारखं आहे.

लोखंड, कोळसा आणि चेंडू

पिरेनीज पर्वतरांग पश्चिमेकडे जिथे बिस्केच्या उपसागराला भिडते, तिथे स्पेन आणि फ्रान्स यांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना बास्क लोकांचा मुलूख आहे. मुलूख लहान, पण ओळख ठाम. त्यांच्या एउस्कारा भाषेचं जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेशी नातं अजून सिद्ध झालेलं नाही. एकोणिसाव्या शतकात बिल्बाओच्या आसपास लोखंडाच्या खाणी, पोलादाचे कारखाने आणि जहाजाच्या गोद्या उभ्या राहिल्या. तिथलं खनिज ब्रिटनला जायचं, ब्रिटनमधून इंजिनियर आणि कामगार यायचे, आणि त्यांच्याबरोबर चेंडूही आला. इंग्लंडला शिकून परतलेल्या बिल्बाओच्या पोरांनी त्यात भर घातली. १८९८ ची परंपरा सांगणारा अॅथलेटिक क्लब याच शहरातला. फक्त बास्क खेळाडू घ्यायचे हा त्याचा दंडक आजही टिकून आहे.

लांगाराचा जन्म मे १९१२ मधला, सान सेबास्तियानजवळच्या पासाइआ बंदरातला. वाढला तो थोडं आत असलेल्या आंदोआइन या कारखान्यांच्या गावात. शेजारच्या तोलोसा संघाकडून खेळताना तो नजरेत भरला आणि १९३० मध्ये, अठराव्या वर्षी, त्याला रेआल ओव्हिएदो क्लबने नेलं. ओव्हिएदो ही शेजारच्या अस्तुरियास प्रांताची राजधानी. कोळशाच्या खाणींचा हा भाग. क्लब तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. तो तिथे असतानाच लांगाराला स्पेनच्या राष्ट्रीय संघात जागा मिळाली, यावरून त्याच्या पायांचा बोलबाला किती होता ते कळावं.

१९३३ मध्ये ओव्हिएदो वरच्या श्रेणीत आलं आणि त्यांच्या आघाडीच्या फळीला लोक ‘विजेची फळी’ म्हणू लागले. त्या फळीच्या मधोमध लांगारा. त्याच्या खेळात नजाकतीपेक्षा तडाखा जास्त होता. गोलकडे तोंड होताच लांबून, जोरात आणि वेळ न दवडता फटका मारायचा, एवढा साधा हिशेब. पहिल्या श्रेणीतल्या पहिल्या तीन हंगामांत त्याने अनुक्रमे २७, २६ आणि २७ गोल केले. तेव्हा हंगामात अठरा किंवा बावीसच सामने असत, हे ध्यानात घेतलं की हे आकडे डोळे विस्फारायला लावतात.

स्पेनसाठी त्याचा हिशेब याहून नेटका आहे : १२ सामने, १७ गोल. मार्च १९३४ मध्ये माद्रिदला स्पेनने पोर्तुगालचा ९-० असा फडशा पाडला, त्यात पाच गोल त्याचे. त्याच वर्षीच्या इटलीतल्या विश्वचषकात स्पेनने ब्राझीलला ३-१ ने घरी पाठवलं, त्यात दोन त्याचे. त्या दिवशीच्या संघात गोलरक्षक रिकार्दो सामोरा सोडला, तर जवळपास सगळे बास्क होते. पुढे यजमान इटलीशी फ्लॉरेन्समध्ये धसमुसळी १-१ बरोबरी झाली. नियमाप्रमाणे दुसऱ्याच दिवशी सामना पुन्हा खेळवला गेला. तोवर स्पेनचा निम्म्याहून अधिक संघ बदलावा लागला होता. सामोरा आणि लांगारा दोघेही बाहेर होते. स्पेन ०-१ ने हरलं.

वर्षभराने, १२ मे १९३५ रोजी, कोलोनमध्ये नाझी राजवटीतल्या जर्मनीला स्पेनने २-१ ने हरवलं. दोन्ही गोल लांगाराचे. दोनच वर्षांत जर्मनी त्याच्या आयुष्यात दुसऱ्या वाटेने शिरणार होता, आकाशातून.

दोन्ही बाजूंना न बसणारा

निर्वासित खेळाडू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र येतं. त्यात एक जुलमी राजवट असते, एक बाणेदार कलावंत असतो आणि त्याने जाणूनबुजून पत्करलेला विजनवास असतो. लांगारा या चित्रात बसत नाही.

ऑक्टोबर १९३४ मध्ये अस्तुरियासच्या खाणकामगारांनी सशस्त्र उठाव केला आणि काही दिवस ओव्हिएदोचा मोठा भाग ताब्यात ठेवला. माद्रिदच्या सरकारने तो लष्कर घालून चिरडला. त्या कारवाईची सूत्रं राजधानीतून हलवणाऱ्यांत फ्रान्सिस्को फ्रँको नावाचा सेनानी होता. लांगारा तेव्हा सक्तीच्या लष्करी सेवेत होता, त्यामुळे तो गणवेशात आणि सरकारच्या बाजूला होता. डाव्यांच्या नजरेत असा माणूस संशयितच. दोन वर्षांनी हाच खेळाडू फ्रँकोच्या विरोधातल्या सरकारचा झेंडा घेऊन जगभर फिरला. विचार बदलले म्हणून हे घडलं असं मानायला फारसा आधार नाही. वयाच्या विशीत तो ज्या गावात उभा होता तिथली जमीन सरकत राहिली, एवढंच.

जुलै १९३६ मध्ये प्रजासत्ताक सरकारविरुद्ध फ्रँकोसह सेनाधिकाऱ्यांनी केलेल्या बंडाने यादवी पेटली. ओव्हिएदो शहर बंडखोरांच्या हाती गेलं आणि त्याला प्रजासत्ताकवाद्यांचा वेढा पडला. बुएनाव्हिस्ता हे क्लबचं मैदान लढाईत इतकं उद्ध्वस्त झालं की युद्धानंतरच्या पहिल्या हंगामात, १९३९-४० मध्ये, ओव्हिएदोला लीगमधून सूट द्यावी लागली. त्यांची रिकामी जागा पटकावून माद्रिदचा वायुदलाशी जोडलेला क्लब आत आला आणि थेट विजेता ठरला. तोच आजचा अॅटलेटिको माद्रिद. लांगाराला परतायला क्लबही उरला नव्हता.

बास्क प्रांतांत चित्र वेगळं होतं. प्रजासत्ताक सरकारने ऑक्टोबर १९३६ मध्ये बास्कांना स्वायत्तता दिली आणि गेर्निकाच्या ऐतिहासिक ओक वृक्षाखाली होसे आंतोनिओ अगिरे यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली. वय बत्तीस, पेशा वकिली. आणखी एक गोष्ट या प्रकरणाच्या दृष्टीने मोलाची आहे : अगिरे तरुणपणी अॅथलेटिक क्लबकडून फुटबॉल खेळले होते. मैदानावर जमलेली गर्दी काय करू शकते हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

देशाआधी निघालेला संघ

१९३७ च्या वसंतात बास्क सरकारपुढे दोन अडचणी होत्या. निर्वासितांसाठी पैसा हवा होता, आणि आपली बाजू जगापर्यंत पोहोचायला हवी होती. कॅथलिक बास्क लोक ‘देवद्रोही लाल’ प्रजासत्ताकाच्या बाजूने का लढताहेत, हे युरोपला कळत नव्हतं. दोन्हींवर एक उपाय निघाला, तो म्हणजे फुटबॉल संघ. संघाचं नाव एउस्कादी, म्हणजे खुद्द देशाचंच नाव.

हा संघ उसनवारीचा नव्हता. कर्णधार लुईस रेगेइरो रेआल माद्रिदचा. गोलरक्षक ग्रेगोरिओ ब्लास्को, मधल्या फळीत सिलाउरेन आणि मुगुएर्सा, आघाडीला इरारागोरी, गोरोस्तिसा, एमिलिन. सगळे राष्ट्रीय दर्जाचे. सर्वांत धाकटा आंखेल सुबिएता जेमतेम अठरा वर्षांचा, पण त्यानेही सतराव्या वर्षी स्पेनकडून पदार्पण उरकलं होतं. प्रशिक्षक पेद्रो वायाना माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू. आणि पुढे लांगारा.

पहिला सामना पॅरिसच्या पार्क दे प्रिन्सवर, रेसिंग क्लबविरुद्ध, २६ एप्रिल १९३७ रोजी झाला. एउस्कादीने तो ३-० ने जिंकला. तिन्ही गोल लांगाराचे.

त्याच सोमवारी, बाजाराच्या दिवशी, जर्मनीच्या काँडोर तुकडीच्या आणि इटलीच्या विमानांनी गेर्निका गावावर तासन् तास बॉम्ब टाकले. पाब्लो पिकासोच्या चित्रामुळे हे नाव पुढे जगाच्या तोंडी झालं. खेळाडूंच्या हाती मात्र पुढच्या एक-दोन दिवसांत आली ती वर्तमानपत्रातली बातमी, आणि घरच्यांची ख्यालीखुशाली विचारायला धड मार्गही नव्हता. या संघाचं सगळं चरित्र त्या एका तारखेत सामावलं आहे : मैदानात जिंकत जायचं आणि त्याच वेळी मागे गाव हरत जायचं.

फ्रान्समधून संघ चेकोस्लोव्हाकिया आणि पोलंड करत जूनच्या मध्याला मॉस्कोत पोहोचला. १९ जूनला बिल्बाओ पडलं. २४ जूनला त्यांनी सोव्हिएत भूमीवर पहिला सामना खेळला आणि लोकोमोटिव्हला ५-१ ने हरवलं. ज्या सरकारने त्यांना पाठवलं, त्याच्या हाती आता राजधानी नव्हती. संघ मात्र शाबूत होता. राष्ट्रीय संघ शिल्लक आणि राष्ट्र हातचं गेलेलं, असा प्रसंग खेळाच्या इतिहासात विरळाच.

मॉस्कोचे सात आठवडे

सोव्हिएत संघराज्य तेव्हा फिफाचं सदस्य नव्हतं, त्यामुळे परवानगीची कटकट नव्हती. उत्सुकता मात्र अफाट होती. परदेशी नामवंत संघ तिथे क्वचितच येत. त्यात हे पाहुणे फॅसिझमविरुद्ध लढणाऱ्या लोकांचे प्रतिनिधी. बास्कांनी मॉस्को, लेनिनग्राड, कीव्ह, तिबिलिसी, मिन्स्क इथे मिळून नऊ सामने खेळले. सात जिंकले, एक बरोबरीत सोडवला, एक हरले. डायनॅमो मॉस्कोला त्यांनी आधी २-१ आणि मग ७-४ असं हरवलं.

यजमानांसाठी हे जड होत चाललं होतं. समाजवादी क्रीडासंस्कृतीचे एवढे गोडवे गायल्यावर घरच्या मैदानावर रोज मार खाणं परवडणारं नव्हतं. अखेर ८ जुलैला स्पार्टाक मॉस्कोने बास्कांना ६-२ ने हरवलं. निकाल फिरवणारी एक पेनल्टी वादग्रस्त ठरली आणि पाहुणे भडकले. पण स्पार्टाकच्या या विजयात डावपेचांचाही वाटा होता. आपल्या मधल्या फळीचा एक खेळाडू मागे खेचून त्यांनी बचावात तिसरा माणूस उभा केला, मुख्यतः लांगाराला आवरण्यासाठी.

सोव्हिएत फुटबॉलच्या इतिहासात हा दौरा शाळेसारखा मानला जातो. बास्क संघ ‘डब्ल्यू-एम’ रचनेने खेळत होता. त्यात तीन बचावपटू आणि त्यांच्यापुढे मधल्या व आघाडीच्या खेळाडूंची चौकट असे. सोव्हिएत क्लब अजून जुन्या, दोन बचावपटूंच्या पद्धतीवर होते. सलग सामन्यांत गोल खाल्ल्यावर त्यांचे प्रशिक्षक ही नवी रचना गिरवू लागले. काही वर्षांनी डायनॅमो मॉस्कोने ब्रिटनचा दौरा गाजवला, त्यामागच्या तयारीची पहिली वीट या उन्हाळ्यात रचली गेली असं म्हणायला हरकत नाही.

त्याच काळात बास्क मुलांनी भरलेली जहाजं उत्तरेकडे निघाली होती. मे १९३७ मध्ये ‘हबाना’ या एकाच जहाजाने सुमारे चार हजार मुलं इंग्लंडच्या साउदॅम्प्टनला नेली. सोव्हिएत देशातही अनेक मुलं पाठवली गेली. त्यातल्या काहींच्या पायांत फुटबॉल होताच. इंग्लंडला गेलेला राइमुंदो लेसामा परत येऊन अॅथलेटिकचा नामवंत गोलरक्षक झाला. एमिलिओ आल्देकोआ इंग्लिश लीगमध्ये खेळला. रेंतेरिआहून मॉस्कोला गेलेला आगुस्तिन गोमेस तोर्पेदो क्लबचा कर्णधार झाला आणि १९५२ च्या ऑलिंपिकसाठी सोव्हिएत संघात निवडला गेला. बास्क फुटबॉलची ही दुसरी पांगापांग होती, आणि ती पहिलीपेक्षा जास्त काळ टिकली.

परतीचा रस्ता आणि पुढचा रस्ता

ऑगस्टअखेर उत्तर स्पेनमधला बास्क प्रतिकार संपला. नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये सामने खेळून संघ फ्रान्सला परतला, तेव्हा प्रत्येकापुढे एकच प्रश्न उभा होता : आता कुठे? काहींनी परत जायचं ठरवलं. त्यात डाव्या बगलेचा चमकदार गोरोस्तिसाही होता. तो फ्रँकोच्या स्पेनमध्ये गेला, पुढे व्हॅलेन्सिआकडून दोनदा लीगविजेता ठरला. बाकीचे अटलांटिक ओलांडून मेक्सिकोकडे निघाले.

मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास स्पेनच्या प्रजासत्ताकाचे सर्वांत भरवशाचे पाठीराखे होते. त्यांच्या देशाने पुढे सुमारे वीस हजार स्पॅनिश निर्वासितांना आसरा दिला आणि फ्रँकोच्या राजवटीला शेवटपर्यंत मान्यता दिली नाही. संघाचं तिथे जंगी स्वागत झालं. पण मैदानाबाहेर दुसराच सामना चालू होता. फ्रँकोच्या बाजूने स्वतःचा फुटबॉल महासंघ उभा केला होता. फिफाने त्याला मान्यता दिली आणि सदस्य देशांनी एउस्कादीशी खेळू नये अशी भूमिका घेतली. १९३८ मध्ये संघ अर्जेंटिनापर्यंत पोहोचला, पण तिथे ठरलेले सामने होऊच शकले नाहीत. खेळायला आलेल्यांना नुसतं बसून राहावं लागलं. खेळाडूला यापेक्षा मोठा दंड नसतो.

ते क्यूबामार्गे मेक्सिकोला परतले. पोट भरायचं तर नियमित सामने हवेत, म्हणून १९३८-३९ च्या हंगामात हा संपूर्ण ‘राष्ट्रीय संघ’ मेक्सिको सिटीच्या वरच्या श्रेणीच्या स्पर्धेत क्लब म्हणून उतरला आणि दुसरा आला. विजेत्या क्लबचं नाव होतं अस्तुरियास. ज्या प्रांतात लांगाराने नाव कमावलं त्याच्याच नावाचा, तिथून आलेल्या जुन्या स्थलांतरितांनी काढलेला क्लब. वसंतात यादवी संपली, फ्रँको जिंकला, आणि एउस्कादी विसर्जित झाला. खेळाडू आता बाजारात होते.

बोएदोतला रविवार

अर्जेंटिनातल्या क्लबांनी त्यांना भराभर उचललं. ब्लास्को आणि सिलाउरेन रिव्हर प्लेटकडे गेले. लांगारा, सुबिएता, इरारागोरी आणि एमिलिन ब्वेनोस आयरेसच्या सान लोरेन्सो क्लबकडे. बोएदो वस्तीतलं त्यांचं लाकडी सज्ज्यांचं मैदान ‘गासोमेत्रो’ म्हणून ओळखलं जाई. बास्क स्थलांतरितांच्या पिढ्या अर्जेंटिनात आधीपासून होत्या. पुढच्याच वर्षी बास्क वंशाचे राष्ट्राध्यक्ष रोबेर्तो ओर्तिस यांनी खास आदेश काढून बास्क निर्वासितांचा देशात येण्याचा मार्ग सोपा केला.

२१ मे १९३९. लांगारा नुकताच बोटीतून उतरलेला. अनेक दिवस धड सराव नाही, साथीदार नवे, चेंडू नवा, समोर रिव्हर प्लेट. सान लोरेन्सोने सामना ४-२ ने जिंकला. चारही गोल लांगाराचे, आणि चारही मध्यंतराआधी. अर्जेंटिनात पदार्पणाच्या गोष्टी निघतात तेव्हा ही गोष्ट अजून सांगितली जाते.

पण पदार्पणाची चमक एका दुपारची असते, खरी कसोटी पुढच्या चार वर्षांची. अर्जेंटिनाची लीग त्या वेळी जगातल्या सर्वांत कसदार स्पर्धांपैकी एक होती. युरोपातले मुख्य देश युद्धात गुंतले होते आणि रिव्हर प्लेटचा ‘ला माकिना’, म्हणजे ‘यंत्र’, या नावाने गाजलेला संघ याच काळात घडत होता. त्या लीगमध्ये लांगाराने १२१ सामन्यांत ११० गोल केले. १९४० मध्ये ३३ गोल करून तो रेसिंगच्या देल्फिन बेनितेस कासेरेसबरोबर अव्वल ठरला. सान लोरेन्सोला या वर्षांत विजेतेपद काही मिळालं नाही. ते १९४६ मध्ये मिळालं, तोवर लांगारा गेला होता, पण सुबिएता होता, कर्णधार म्हणून.

१९४३ मध्ये तो पुन्हा मेक्सिकोत गेला, रेआल क्लब एस्पान्याकडे. तिथे नवी व्यावसायिक लीग सुरू होत होती. हा क्लब मेक्सिकोतल्या जुन्या स्पॅनिश व्यापारी वसाहतीचा. युद्धात हरून आलेल्या निर्वासितांचे आणि या जुन्या, बहुतांशी सनातनी वसाहतीचे सूर नेहमीच जुळत नसत. लांगाराचे गोल दोघांनाही चालत. पहिल्याच हंगामात २७ गोलांसह तो अव्वल आला, दुसऱ्यात क्लब विजेता झाला, तिसऱ्यात त्याने ४० गोल केले. वय तेव्हा चौतिशीला टेकलेलं.

घरी, पण कुठल्या घरी

१९४६ मध्ये लांगारा ओव्हिएदोला परतला. ज्या राजवटीच्या विरोधात तो जगभर खेळला होता, तीच तिथे ठाण मांडून होती. एउस्कारा भाषेवर बंधनं होती, बास्क झेंड्यावर बंदी होती. अॅथलेटिक क्लबलासुद्धा स्वतःचं इंग्रजी वळणाचं नाव टाकून ‘अॅटलेटिको’ व्हावं लागलं होतं. त्याच्याबरोबरचा इरारागोरीही बिल्बाओला परतला. राजवटीला नामवंतांचं परतणं सोयीचंच होतं, आणि खेळाडूंना घर हवं होतं.

दहा वर्षांच्या खंडानंतर, पस्तिशीकडे झुकलेल्या या माणसाने त्या हंगामात २० लीग सामन्यांत १८ गोल केले. स्पेनच्या लीगमधली त्याची एकूण नोंद ९० सामन्यांत १०४ गोलांवर थांबते. युद्ध नसतं तर काय झालं असतं, हा खेळ खेळण्यात अर्थ नसतो. तरी एक गोष्ट निव्वळ वस्तुस्थिती म्हणून नोंदवायला हवी : मे १९३६ नंतर स्पेनचा राष्ट्रीय संघ १९४१ पर्यंत एकही सामना खेळला नाही, १९३८ च्या विश्वचषकात स्पेन नव्हता आणि त्यापुढचे दोन विश्वचषक झालेच नाहीत. १७ आंतरराष्ट्रीय गोलांचा मालक चोविसाव्या वर्षीच तिथे संपला.

लांगारा परतला त्याच हिवाळ्यात आणखी एक गंमत घडली. संयुक्त राष्ट्रांनी फ्रँकोच्या स्पेनमधून राजदूत परत बोलवायची शिफारस केली होती, पण राष्ट्राध्यक्ष पेरोंच्या अर्जेंटिनाने ती मानली नाही आणि स्पेनला गहू पुरवला. या मैत्रीच्या काळात विजेता सान लोरेन्सो स्पेनच्या दौऱ्यावर आला. जानेवारी १९४७ मध्ये बार्सिलोनात त्याने स्पेनच्या निवडक संघाला ७-५ ने हरवलं. पाहुण्यांचा कर्णधार होता सुबिएता, एउस्कादीचा तो अठरा वर्षांचा पोरगा. स्पॅनिश प्रेक्षकांनी ज्या छोट्या पासांच्या खेळाला टाळ्या दिल्या, त्याच्या मधोमध त्यांनीच हाकललेल्या पिढीतला एक जण उभा होता.

लांगाराने १९४८ च्या सुमारास बूट ठेवले, पण स्पेनमध्ये तो राहिला नाही. या वेळी त्याला कोणी घालवलं नव्हतं. तो आपणहून लॅटिन अमेरिकेकडे निघाला. प्रशिक्षक म्हणून त्याने चिलीच्या उनिओन एस्पान्योलाला १९५१ मध्ये विजेतेपद मिळवून दिलं, मग मेक्सिकोत प्वेब्लाबरोबर चषक जिंकला, काही काळ सान लोरेन्सोही सांभाळलं. आयुष्याची उरलेली बरीच वर्षं मेक्सिकोत गेली. म्हातारपणी तो आंदोआइनला परतला आणि ऑगस्ट १९९२ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, तिथेच वारला.

हिशेब कोणी लावायचा?

लांगाराएवढा गोल करणारा माणूस फुटबॉलच्या लोकप्रिय इतिहासात इतका मागे का राहिला, याचं उत्तर त्याच्या खेळात नाही, वह्यांच्या मालकीत आहे. फ्रँकोच्या स्पेनला एउस्कादीचा आघाडीवीर मिरवायचा नव्हता. बास्क राष्ट्रवाद्यांना १९३४ मध्ये सरकारी गणवेशात असलेला आणि १९४६ मध्ये फ्रँकोच्या लीगमध्ये परतलेला माणूस निखळ नायक म्हणून सोयीचा नव्हता. अर्जेंटिना आणि मेक्सिको यांच्या दृष्टीने तो पाहुणा होता, लाडका असला तरी. प्रत्येकाने आपल्यापुरतं पान ठेवलं आणि बाकीची पानं दुसऱ्याकडे आहेत असं समजून विषय मिटवला.

त्याच्या साथीदारांची वाटणीही अशीच झाली. रेगेइरो मेक्सिकोतच रुजला आणि त्याचा मुलगा पुढे मेक्सिकोच्या राष्ट्रीय संघाकडून खेळला. गोरोस्तिसा परत गेला आणि स्पेनमध्ये चषक जिंकला. सुबिएता अर्जेंटिनात मोठा झाला. ज्या अगिरे यांनी हा संघ बाहेर पाठवला, ते खोट्या नावाने हिटलरच्या बर्लिनमधून निसटून अमेरिकेत पोहोचले आणि १९६० मध्ये पॅरिसला निर्वासित म्हणूनच वारले. एकाच बोटीतून निघालेल्या माणसांपैकी कोणाचं खरं, कोणाचं चुकलं, असा निवाडा करायला गेलं की हात रिकामा राहतो. कोणी पोटासाठी गेलं, कोणी तत्त्वासाठी, कोणी आईसाठी परतलं. बहुतेकांच्या बाबतीत ही कारणं एकमेकांत मिसळलेली होती.

फ्रँकोच्या मृत्यूनंतर १९७९ मध्ये बास्क संघ बिल्बाओच्या सान मामेसवर पुन्हा उतरला आणि आयर्लंडला हरवलं. तेव्हापासून तो अधूनमधून खेळतो, मैदान भरतं, झेंडे फडकतात. पण फिफा आणि युएफा यांच्या दप्तरात त्याला पूर्ण सदस्यत्व नाही. त्यामुळे त्याचे सामने आजही मैत्रीपूर्ण या सदरात पडतात.

म्हणजे १९३७ मध्ये उभा राहिलेला प्रश्न अजून सुटलेला नाही. लांगाराचे एकूण गोल किती, असं कोणी विचारलं तर आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं : पार्क दे प्रिन्सवरचे ते तीन गोल धरायचे की नाही? धरायचे म्हटलं तर ते कोणत्या देशाच्या नावावर? आकडेशास्त्र इथे हात वर करतं, कारण हा प्रश्न फुटबॉलचा नसून सीमांचा आहे. लांगाराने आपल्यापुरतं त्याचं उत्तर साधं ठेवलं होतं : ज्या गोलपोस्टसमोर उभं केलं जाईल, त्यात चेंडू घालायचा. वह्या जुळवायचं काम त्याने इतरांवर सोडलं, आणि ते अजून अपुरं आहे.